मोजता येतं म्हणून ‘फ्युअर’?

इंग्रजीतल्या तुलनेच्या शब्दांचे ‘चार पक्के नियम’ सांगणारा एक मेसेज सध्या फिरतोय. मी तो दोनतीनदा न वाचताच सोडून दिला होता. परवा भाचीने निबंधातलं ‘लेस दॅन टू अवर्स’ खोडून वर ‘फ्युअर’ लिहिलं. का, तर “मामा, तास मोजता येतात ना!” म्हणून हे लिहायला बसलो.

नियम पहिला: ‘कमी’ म्हणायचं तर मोजता येईल तिथे ‘फ्युअर’, न येईल तिथे ‘लेस’, अपवाद नाही. अहो, अपवादांचा ढीग आहे! इथे दोन तास म्हणजे दोन सुटे नग नव्हेत, वेळेचा एक सलग तुकडा आहे. म्हणून तर ‘टू अवर्स इज अ लाँग टाइम’ म्हणतात, ‘आर’ नाही. आणि नग मोजायचेच म्हटले तर पावणेदोन तासांचं काय करायचं? अंतर, पैसे, वजन, वय यांनाही सहसा ‘लेस दॅन’च लागतं. ‘वन लेस प्रॉब्लेम’चं ‘वन फ्युअर’ करून मोठ्याने म्हणून बघा एकदा.

हा नियम निघाला कुठून, ते मेरियम-वेबस्टरच्या भाषावापराच्या कोशात दिलंय. रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने १७७० साली लिहिलं की ‘नो लेस दॅन अ हंड्रेड’पेक्षा ‘नो फ्युअर’ आपल्याला जास्त डौलदार आणि काटेकोर वाटतं. वाटतं! पुढच्यांनी त्याचा कायदा केला. त्याच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात, इंग्लंडमधला राजा आल्फ्रेड ‘कमी शब्दांत’ म्हणताना ‘लेस’चंच जुनं रूप वापरून मोकळा झाला होता. शिवाय ‘मोअर वॉटर’, ‘मोअर पीपल’ दोन्हीकडे एकच ‘मोअर’ चालतो, त्यावर कुणाची तक्रार नाही.

बरं, ‘लेस स्टुडंट्स’ परीक्षेत लिहू नका, तपासणारा लाल रेघ मारेल. माणसं आणि सुट्या वस्तूंपुढे औपचारिक लेखनात ‘फ्युअर’ बरा. एवढं मान्य.

दुसरा नियम: अंतराला फक्त ‘फार्दर’. ब्रिटिश इंग्रजीत अंतरालाही सर्रास ‘फर्दर’ म्हणतात. उलटं मात्र करू नका, ‘फर्दर इन्फर्मेशन’चं ‘फार्दर’ होत नाही. तिसरा: दोघांत ‘बिटवीन’, तिघांपासून ‘अमंग’. मग तीन देशांतला करार ‘अमंग’ करायचा का? प्रत्येकाचा प्रत्येकाशी संबंध असेल तर ‘बिटवीन’ खुशाल वापरा.

चौथा, ‘एल्डर’पुढे ‘दॅन’ नको, हा तेवढा खरा निघाला. ‘माय एल्डर सिस्टर’ ठीक, पण ‘शी इज ओल्डर दॅन मी’. आपल्याकडे ही चूक भरपूर होते, तेव्हा मेसेजवाल्याला इथे पैकीच्या पैकी.

भाचीने ‘लेस’ परत लिहिला. मग मेसेज पुन्हा वरून वाचायला लागली आणि हसत सुटली. मथळाच होता, ‘इंग्रजी सुधारा, इन लेस दॅन फाइव्ह मिनिट्स’.