पित्त नव्हतं ते

एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेल्या तिघांनी या आठवड्यात मला एकच प्रश्न विचारलाय. बारा दिवसांचं पॅकेज घेऊ की चौदाचं? बारावालं स्वस्त पडतं आणि रजाही कमी लागते. तिघांना वेगवेगळं टाइप करत बसण्यापेक्षा इथेच लिहितो.

आम्ही सहाजण गेलो होतो, ऑक्टोबरात. सगळे सह्याद्रीत मुरलेले. माझा मेव्हणा तर रविवारी नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड करून सोमवारी साडेनऊला ऑफिसात हजर असणारा माणूस. पण आपलं कळसूबाई 1646 मीटर. हा ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाला विमानातून उतरलात की तुम्ही 2860 वर असता, म्हणजे बुटाची नाडी बांधायच्या आधीच कळसूबाईच्या बाराशे मीटर वर. तिथे तुमच्या मांड्या किती दणकट आहेत याला फारशी किंमत नाही. उलट दणकट माणूस जास्त गोत्यात येतो, कारण तो भराभर वर जातो.

तीन हजाराच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच गावात काढायची, असा साधा नियम आहे. म्हणून नामचेला (3440) दोन रात्री, दिंगबोचेला (4410) दोन रात्री. आमच्या आयोजकाने दिंगबोचेची दुसरी रात्र उडवली होती. "तो रेस्ट डे हो, तुम्ही फिट लोक, बोअर व्हाल." आम्ही खूश. खरं तर त्या दिवशी कोणी लोळत नाही. शेजारच्या टेकाडावर चढायचं, वर थोडा वेळ काढायचा आणि झोपायला परत खाली यायचं. शरीराला वरची हवा चाखवून आणायची, एवढाच उद्योग. त्याला 'रेस्ट डे' हे नाव ज्याने दिलं त्याने फार नुकसान केलंय. नावामुळेच तो पहिला कापला जातो.

दिंगबोचेला पोचलो त्या संध्याकाळी मेव्हण्याचं डोकं ठणकत होतं. वाटेतल्या पांगबोचे गावापासूनच दुखत होतं, पण बोलला नाही. आपल्याकडे दुखणं अंगावर काढायची पद्धत आहे ना. डाळभात समोर आला तर ताट सरकवलं, बाहेर जाऊन एकदा उलटी करून आला आणि म्हणाला, "पित्त झालंय." झालं. पाच जणांच्या पाच पिशव्या उघडल्या. आवळासुपारी, सुंठ, ॲसिडिटीच्या गोळ्या, कोकमाचं पाकीट. मराठी माणसाला डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं यातलं काहीही झालं की पित्तच होतं, आणि विरळ हवेचा त्रास सुरू होतो तोही नेमका याच तीन गोष्टींनी.

आमचे गाइड सोलुखुंबूचेच, म्हणजे एव्हरेस्टच्या जिल्ह्यातलेच. आम्ही त्यांना दाई म्हणायचो, नेपाळीत दाई म्हणजे थोरला भाऊ. जेवणघराच्या मधोमध शेगडी होती, याकच्या शेणाच्या गोवऱ्यांची, तिच्यापाशी बसून ते नुसते बघत होते. मग उठले आणि जमिनीच्या फळ्यांमधली एक सरळ फट बोटाने दाखवली. "सर, इसपे चलिए. एड़ी के आगे पंजा." मेव्हणा हसत उठला. चौथ्या पावलाला डावीकडे झुकला. पुन्हा केलं, तिसऱ्याला गेला. दारू प्यायल्यासारखा, आणि हा माणूस चहासुद्धा बिनसाखरेचा पितो. दाईंनी जॅकेट चढवलं. "अभी नीचे जाना है."

रात्रीचे साडेआठ. आम्ही काय केलं असेल? वाद घातला. सकाळी बघू, आता झोपू दे त्याला, बाहेर किती थंडी आहे, आम्ही एवढे पैसे भरलेत. मीही त्यात होतो, लाज वाटते पण होतो. दाईंनी आवाज चढवला नाही. मेव्हण्याच्या बुटांच्या नाड्या स्वतः बांधल्या आणि हेडलॅम्प लावून निघाले. मी मागोमाग. छोटी धार ओलांडली की पलीकडे फेरिचे. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, 1973 पासूनचा, ट्रेकच्या हंगामात डॉक्टर असतात. ऑक्सिजन, इंजेक्शन, रात्रभर लक्ष, आणि उजाडताच खाली. डॉक्टर म्हणाल्या मेंदूला सूज यायला लागली होती. त्या खोलीत एक गोष्ट कळली. औषधं वेळ मिळवून देतात, खरा उतारा म्हणजे उतरणं.

बाकीचे चौघे सहायक गाइडबरोबर दुसरा दिवस दिंगबोचेलाच बसून राहिले. म्हणजे कापलेली रात्र वसूल झालीच! पुढे ते बेस कॅम्पला जाऊन आले. परत आल्यावर त्यातल्या एकाने आयोजकाला दोन तारे दिले आणि लिहिलं, 'गाइड अति घाबरट.' मला याचा राग अजून आहे. अशा दोन ताऱ्यांनी उद्या त्या माणसाचं काम जाऊ शकतं. मग पुढच्या वेळी फळ्यांवरची फट दाखवायच्या आधी तो दहादा विचार करेल. आपण गाइडला वाट दाखवायचे पैसे देतो असं आपल्याला वाटतं. अहो, ऑक्टोबरात त्या वाटेवर दादर स्टेशनएवढी गर्दी असते, चुकायचं ठरवलं तरी चुकणार नाही. पैसे असतात ते त्याच्या 'नाही'चे.

आणि आपण विसरतोही लवकर. 2024 च्या जूनमध्ये उत्तराखंडातल्या सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातले नऊ ट्रेकर हिमवादळात गेले. तेव्हा आपले सगळे ग्रुप चार दिवस हळहळले. पाचव्या दिवशी तिकडच्याच केदारकांठा ट्रेकचं पोस्टर आलं, 'सीट्स भरत आल्यात'.

तर तिघांनो, चौदा. आणि आयोजकाला किती दिवस हे विचारूच नका, कुठल्या गावात किती रात्री ते विचारा. गाइडला मागे फिरवायचा अधिकार आहे का, आणि त्याने फिरवलं तर त्याचे पैसे कापणार का, हेही विचारा. गडबडला तर दुसरा बघा. हो, चिवडा-भाकरवडीचे डबे घरी ठेवा. तुमच्यापैकी दोघांच्या बॅगा एकच माणूस कपाळावरच्या नाम्लोने, म्हणजे पट्ट्याने, पाठीवर वाहून वर नेणार आहे.

मी बेस कॅम्प पाहिलेला नाही. मेव्हण्यानेही. परवा एका लग्नात कोणीतरी त्याला विचारलं, अर्ध्यातून का रे परत आलात? तो म्हणाला, "काही नाही हो, पित्त वाढलं होतं."