उन्हात का नाही वाळवत? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका (सही तशीच केलीत, म्हणून काका),

डिहायड्रेटरमध्ये (म्हणजे फळं वाळवायच्या विजेच्या यंत्रात) केलेल्या सफरचंदाच्या चकत्यांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगलंच झोडपलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या आई-आज्यांनी गच्चीवर वर्षाचं वाळवण केलं ते यंत्राविना, ऊन फुकट आहे, यंत्र घ्यायचंच तर १०० अंशांवर ठेवून दोन तासांत मोकळं व्हावं, आठ-दहा तास वीज कशाला जाळायची, आणि एवढं करून जीवनसत्त्वं मरतातच.

आधी वाळवणाचं बोलू. कुरडया, सांडगे, पापड आपण कधी घालतो? चैत्र-वैशाखात. कोकणात कोकमाची सोलं, आंबोशी, फणसपोळी ही सगळी धावपळ मिरगाच्या आत उरकायची असते. आज्यांना यंत्र लागलं नाही, कारण जे वाळवायचं ते उन्हाळ्यातच हाताशी येत होतं. सफरचंदाचं गणित उलटं आहे. हिमाचलचा माल जुलैअखेरीस यायला लागतो, काश्मीरचा जोर सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे फळ ताजं आणि स्वस्त असतं तेव्हा आपल्याकडे दोरीवरचे टॉवेल वाळत नाहीत. एप्रिल-मेमध्ये मिळतं ते शीतगृहातलं नाहीतर परदेशी. ते महागातलं फळ चिरून वाळत घालायला माझा हात तरी होत नाही. काश्मीरमध्ये लोक सफरचंदं उन्हात वाळवतात, लडाखात जर्दाळू छपरावर पसरतात. तिथे फळ उतरतं तेव्हा हवाही कोरडी असते. जमून आलेला योग आहे तो, आपल्या नशिबी नाही.

शिवाय पापड वाळतो तो पातळ आणि खारट असल्यामुळे. कोकमाला मीठ आणि स्वतःची आंबटाई राखते. सफरचंदाच्या गरात ८५ टक्क्यांच्या आसपास पाणी, वर गोडवा. दमट हवेत दुसऱ्या दिवशी त्यावर माश्या, तिसऱ्या दिवशी बुरशी.

आता यंत्र नेमकं काय करतं ते बघा, कारण तुमचा १०० अंशांचा मुद्दा इथेच अडतो. पदार्थ वाळतो तो कोरड्या, हलत्या हवेनं. उष्णता ही हवा कोरडी करण्यापुरती. पावसाळ्यातली २७ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा ५७ अंशांपर्यंत तापवली, की तिची सापेक्ष आर्द्रता १८ टक्क्यांच्या आसपास उतरते. पंखा तीच हवा चकत्यांवरून फिरवत राहतो. म्हणजे बाहेर श्रावण आणि ट्रेमध्ये अकोल्याची मे महिन्यातली दुपार. एवढ्यासाठीच मी ते यंत्र घेतलं.

१०० अंशांवर काय होईल? चकतीचा बाहेरचा थर पटकन वाळून कडक होईल आणि आतलं पाणी बाहेर यायची वाटच बंद होईल. हाताला कुरकुरीत लागेल, बरणीत भराल आणि आठवड्याभरात झाकणाच्या आत दव दिसेल. म्हणून ५७ अंश, पाच-सहा मिलिमीटर जाडी, आणि लागतील ते तास. आमच्याकडे बहुधा आठ लागतात. पावसाची झड असेल तर जास्त. झाल्यावर चकती दुमडून बघायची: चामड्यासारखी लवचिक हवी, पण चिकटायला नको आणि दाबल्यावर ओल सुटायला नको. मग गार करून काचेच्या बरणीत दोन तृतीयांशच भरायची आणि आठवडाभर रोज हलवायची, म्हणजे कमीजास्त ओल सगळ्या चकत्यांत सारखी होते. बरणीला आतून घाम आला तर सगळं परत ट्रेवर. हा आठवडा लोक गाळतात आणि मग यंत्राला नावं ठेवतात.

विजेचं म्हणाल तर माझ्या यंत्रावर ३५० वॉट लिहिलंय. आठ तास सलग ओढली तरी २.८ युनिट, आणि थर्मोस्टॅट मधूनमधून बंद होतो तो वेगळाच. युनिटला दहा रुपये धरले तरी २८ रुपये. खरा खर्च फळाचा आहे: किलोभर सफरचंदांतून दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमच हाती लागतं. तरी बाजारातल्या पाकिटामागचं लेबल एकदा वाचा. बऱ्याचदा साखर असते, आणि २२० किंवा २२३ हे आकडे दिसले तर गंधकयुक्त परिरक्षक. ठरलेल्या प्रमाणात चालतं ते, पण काही दमेकऱ्यांना त्रास होतो. मी लिंबाच्या पाण्यात बुडवते. त्यानंही काळपटपणा थोडा येतोच, येऊ दे.

जीवनसत्त्वांवर तुमच्याशी वाद नाही. ‘क’ बरंचसं जातंच. चोथा राहतो, साखरही राहते, आणि आटल्यामुळे मूठभरात दोन सफरचंदं कधी पोटात गेली कळत नाही. मधुमेह असेल तर ताजंच फळ बरं.

तुम्ही विदर्भातले आहात असं प्रतिक्रियेवरून वाटलं. तसं असेल आणि मेमध्ये सफरचंदं परवडत असतील, तर गच्चीवर जरूर करा. चकत्या तीन मिलिमीटरच्या, चाळणीवर किंवा जाळीवर, वरून मलमल, संध्याकाळी आत. दोन-तीन दिवसांत होतील. मात्र उन्हात वाळवलेल्या फळात किड्यांची अंडी राहू शकतात. म्हणून बरणीत भरण्याआधी ओव्हनमध्ये ७० अंशांवर अर्धा तास ठेवा, किंवा उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन दिवस.