शंका घेतली म्हणून सनद गेली नाही

‘अमेरिकेत निवडणुकीवर नुसती शंका घेतली म्हणून रुडी जुलियानींची वकिलीची सनद काढून घेतली. ना सुनावणी, ना पुरावा. भाषणस्वातंत्र्य संपलं. आणि बोलण्यानं कुणाचं काय बिघडलं होतं?’ हा मजकूर मला व्हॉट्सॲपवर तिघांनी पाठवला, तिघंही वकील. म्हणून जास्त वाईट वाटलं. आपण तरी आधी निकालपत्र वाचायला हवं.

‘नुसती शंका.’ शंका असलेला माणूस चौकशी मागतो. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत ट्रम्प हरल्यावर जुलियानी त्यांचे वकील म्हणून ठाम विधानं करत होते. ७ नोव्हेंबर २०२० रोजी फिलाडेल्फियात पत्रकारांसमोर ते म्हणाले की मुष्टियोद्धा जो फ्रेझर मेल्यानंतरही मतदान करतोय. फ्रेझर गेला ७ नोव्हेंबर २०११ रोजी. त्या दिवशी बरोबर नऊ वर्षं झाली होती. मतदार म्हणून त्याची नोंद ८ फेब्रुवारी २०१२ लाच रद्द झाली होती, आणि ती सरकारी दप्तरात होती.

दुसरं विधान याहून गंभीर. पेनसिल्व्हेनियात टपाली मतपत्रिका पाठवल्या सुमारे १८ लाख आणि मोजल्या २५ लाखांवर, असं ते सांगत राहिले. प्रत्यक्षात ३० लाख ८० हजार पाठवल्या होत्या. जुलियानींची सनद न्यूयॉर्कची; तिथल्या न्यायालयानं विचारल्यावर बचाव काय? आमच्यातल्या कुणीतरी संकेतस्थळावरून चुकून आकडा उचलला. कुणी, ते सांगितलं नाही आणि त्या माणसाचं शपथपत्रही दिलं नाही. असा बचाव आपल्या तालुका कोर्टात तरी चालेल का?

‘भाषणस्वातंत्र्य.’ हेच एखादा दुकानदार बोलला असता तर त्याचं दुकान कुणी बंद केलं नसतं. पण पक्षकाराचं काम चालवताना वकिलानं तिऱ्हाईतालाही जाणूनबुजून खोटं सांगायचं नाही, असा न्यूयॉर्कचा नियम आहे. तो कोर्टाच्या दाराशी संपत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टच्या न्यायालयात, निवडणुकीवरच्या खटल्यात, जुलियानी आधी फसवणूक, फसवणूक म्हणत राहिले. न्यायाधीशांनी थेट विचारल्यावर मात्र हा फसवणुकीचा खटला नाही, हे त्यांनी कबूल केलं. बाहेर मात्र त्यांचा सूर बदलला नाही.

‘सुनावणी नाही.’ यात थोडं तथ्य आहे. २४ जून २०२१ चं निलंबन पूर्ण सुनावणीआधीचं होतं, पण त्यांचं लेखी म्हणणं घेऊन झालेलं. सनद रद्द झाली ती २ जुलै २०२४ रोजी, रीतसर सुनावणीनंतर.

आणि सूडच घ्यायचा होता तर सगळ्यांना एकच शिक्षा झाली असती. कोलोरॅडोत ट्रम्प यांच्या दुसऱ्या वकील जेना एलिस यांनी दहा विधानं चुकीची होती हे मान्य केलं. मार्च २०२३ मध्ये त्यांना फक्त जाहीर ताकीद मिळाली. टेक्सासात असेच आरोप करणाऱ्या वकील सिडनी पॉवेल यांच्यावरची तक्रार तर टिकलीच नाही.

‘कुणाचं काय बिघडलं?’ जॉर्जियात मतमोजणीचं काम करणाऱ्या एका मायलेकींवर जुलियानींनी मतं फिरवल्याचा आरोप केला होता. डिसेंबर २०२३ मध्ये ज्युरीनं त्या दोघींना १४ कोटी ८० लाख डॉलरची भरपाई ठरवली. त्याआधी धमक्या इतक्या आल्या की एफबीआयच्या सांगण्यावरून त्या आईला सुमारे दोन महिने स्वतःच्या घराबाहेर राहावं लागलं.