खान्देशात अवजारं कशी खपवावीत

खान्देशात शेती अवजारांचा बाजार वाढवायचा आहे ना? मग पहिलं पथ्य, वावरात जाऊ नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या घरात असतो. शिवाय बांधावर उभं राहिलं की कुणीतरी काहीतरी विचारतंच. त्यापेक्षा एसी हॉटेलात बसून मागणीचा अभ्यास करावा.

2015-16 च्या कृषी गणनेत राज्यातली सरासरी जमीनधारणा 1.34 हेक्टर निघाली होती, म्हणजे सव्वातीन एकर. तेव्हा 50 हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर विका. वळताना शेजाऱ्याच्या कपाशीच्या दोन ओळी जातील, त्यावरून कोर्टात तारखा पडतील. वकिलांचाही बाजार वाढला तर आपलं काय गेलं?

अहवालात 'शेतकरी परंपरेला चिकटलेला आहे' हे वाक्य हवंच. दाखला तयारच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर आणला तेव्हा लोक म्हणायचे, लोखंडानं जमिनीत विष कालवलं जातं. सेमिनारात यावर हमखास हशा पिकतो. पुढे त्याच लोकांनी तो नांगर घेतला, एवढं मात्र सांगायचं नाही.

कुणी कापूस वेचणीच्या यंत्राचं विचारलं तर अमेरिकेचा व्हिडिओ लावा. तिथे औषध मारून पानं गाळतात, मग यंत्र एका फेरीत शेत वेचून मोकळं होतं. आपल्याकडे बोंडं टप्प्याटप्प्यानं फुटतात, दसऱ्यापासून तीन-चार वेचण्या होतात. हा मुद्दा काढणाऱ्याला दुसरा चहा द्या.

अनुदान मात्र नीट समजून घ्या, खरं पीक तिथेच येतं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, निवड, पूर्वसंमती, मग पदरचे किंवा सावकाराचे पैसे घालून खरेदी, मोका तपासणी, आणि मग कधीतरी 40 ते 50 टक्के खात्यात. मधल्या काळातलं व्याज कुणाच्याच तक्त्यात येत नाही. छापील किंमत ठरवताना अनुदान आधीच मनात धरावं, म्हणजे सरकारचा हात थेट तुमच्यापर्यंत पोचतो. 22 सप्टेंबर 2025 ला ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, त्याचे बॅनर तुम्ही लावलेच असतील. रोटाव्हेटरची पाती केवढ्याला, ते बॅनरवर लिहायचं नसतं.

सामायिक अवजार बँक काढायचीही सोय आहे. अध्यक्ष नेमा, शेड बांधा, फीत कापा. आता आपली काळी जमीन कशी, तर ओली असली की फाळाला चिकटते आणि वाळली की दगड. मधला वापसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, चार-दोन दिवसांचा. त्या चार दिवसांत अख्ख्या गावाला एकच पेरणी यंत्र लागतं. ते अध्यक्षांच्या वावरात असतं. बाकीचे पाहुण्याची तिफण मागून आणतात. ही स्पर्धा तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये धरलेली नाही, घाबरू नका.

घाबरायचंच असेल तर गावच्या लोहाराला घाबरा. हा माणूस भंगारातल्या सायकलचं चाक आणि हँडल घेतो, खाली पास म्हणजे तण कापायचं पातं जोडतो आणि हातानं ढकलायचं सायकल कोळपं करून देतो. बैल नको, डिझेल नको, लोन नको. दांडा बुटका वाटला तर दुपारपर्यंत वाढवूनही देतो. मोडलं तर शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडे जुळतं, सुट्या भागासाठी पुण्याच्या डीलरची वाट पाहावी लागत नाही. अशानं बाजार बसतो! त्याच्याकडे आयएसआय मार्क आहे का, डेमोचा दाखला आहे का, असं विचारा. गप्प होईल.

शेवटी महिला. त्यांना अनुदान 50 टक्के, म्हणून ट्रॅक्टर बायकोच्या नावावर निघतो. किल्ली तिच्या हातात, हार बोनेटला, फोटो पेपरात. मग स्टिअरिंगवर नवरा बसतो आणि ती उन्हात वाकून खुरप्यानं निंदते. खुरपं स्वस्त, त्यावर ना कमिशन ना कर्ज, तेव्हा त्यात संशोधनाला वाव नाही असं बिनधास्त म्हणावं.

एखादी लाभार्थी मात्र फोटो झाल्यावर विचारेलच, "भाऊ, ट्रॅक्टर मन्हा नाववर शे, पन निंदाले काही शे का?"

तिला कंपनीची टोपी द्या. उन्हात कामी येते.