हार्ड कॉपी सोबत जोडावी

शाळेत काम सोपं करणारं नवं ॲप आलं की मी आधी दुकानातून एक दोनशे पानी वही मागवते. ॲपमध्ये काय भरलं, केव्हा भरलं, तेव्हा पासवर्ड काय होता आणि तो मध्येच कुणी बदलला, हे लिहून ठेवायला वही लागतेच. अशा वह्यांनी कपाटाचा अख्खा खण भरलाय. त्या खणावर आमच्या गुरुजींनी टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी डकवली आहे: ‘पेपरलेस’.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. पहिली ते चौथी मिळून सतरा मुलं, मुख्याध्यापक म्हणून गुरुजी आणि उरलेला सगळा स्टाफ म्हणजे मी. क्लार्क, शिपाई, संगणक ऑपरेटर ही पदं आम्ही दोघं वाटून घेतो. ज्याचा त्या दिवशी घसा बसलेला असेल तो ऑपरेटर. लोकवर्गणीतून आलेला संगणक आहे, त्याला खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी लोकरीचं कव्हर विणलंय. वीज आली की कव्हर काढायचं आणि संगणक सुरू होईपर्यंत वीज जाते, मग पुन्हा घालायचं.

रेंज मात्र शाळेत नाही. ती पाण्याच्या टाकीपाशी आहे, तिथेही एकाच कोपऱ्यात. भर उन्हात मी फोन वर धरून तिथं उभी असते तेव्हा पाण्याला आलेल्या बायका विचारतात, “बाई, तुमचा हंडा कुठाय?” आता त्यांनी मला नंबर द्यायला सुरुवात केली आहे. “बाईंचं फोटो जाऊ द्या आधी, मग लावा हंडा,” असं म्हणून बाजूला होतात.

हजेरी घ्यायची ती आधी पटावर. मग ऑनलाइन. मग पोषण आहाराची संख्या वेगळी, कारण हजर असलेलं प्रत्येक मूल जेवेलच असं सरकारने गृहीत धरलेलं नाही आणि त्याबद्दल मला सरकारचा आदर वाटतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोजचा तांदूळ शंभर ग्रॅम. सतरा मुलं आली की एक किलो सातशे. हा हिशोब आमच्या तिसरीतली एक पोरगी डब्याचं झाकण वाजवता वाजवता करते. ॲपला तोच करायला टाकीपर्यंत न्यावं लागतं.

त्यानंतर फोटो. उपक्रम झाला की नाही, हे मुलं शिकली का यावरून ठरत नाही. तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश छापलेला फोटो गेला का यावरून ठरतं. त्यामुळे मी पर्समध्ये हात घातला तरी वर्ग सावध होतो. चष्मा काढायला हात घातला की समोर सतरा मुलं तल्लीन होऊन वाचत असतात, त्यातली दोन-तीन पुस्तक उलटं धरून. सगळ्यात कठीण दिवस १५ ऑक्टोबर. त्या दिवशी जागतिक हात धुवा दिन असतो आणि वाचन प्रेरणा दिनही. दोन्हींचे फोटो दुपारी बारापर्यंत ग्रुपवर हवेत. मागच्या खेपेला पहिलीतल्या एका हुशार बाळाने दोन्ही उपक्रम एकाच फोटोत बसवले. एक हात नळाखाली, दुसऱ्यात पुस्तक. पुस्तकही धुतलं गेलं. फोटो उत्तम आला होता, पण कोणत्या लिंकवर टाकायचा यावर गुरुजींचं आणि माझं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

खरी कसोटी ओटीपीची. आमच्या वाडीतले बरेचसे बाप्ये माथाडी कामगार म्हणून नवी मुंबईत. घरात मोबाइल आईकडे असतो, पण आधारला जोडलेला नंबर बापाच्या खिशात, म्हणजे वाशीच्या मार्केटात, पाठीवर कांद्याच्या गोणीसह. एका योजनेचा अर्ज भरत होते. ओटीपी पाठवला आणि लगेच फोन लावला, कारण तो दहा मिनिटांत शिळा होतो.

“दादा, शाळेतनं बाई बोलतेय. आत्ता मेसेज आला असंल, त्यातले सहा आकडे सांगा बघू.”

पलीकडे शांतता. मग अत्यंत थंड आवाजात उत्तर आलं, “आकडे कुणाला सांगायचे नसत्यात.”

“अहो, मी तुमच्या पोराची बाई.”

“परवा एकजण बँकेचा सायेब म्हणत हुता.”

माणूस शंभर टक्के बरोबर होता. तेव्हा फोन लावला की आधी रेकॉर्ड केलेली बाई सांगायची, ओटीपी कुणाला देऊ नका, आणि तिच्यामागून मी बाई यायची आणि म्हणायची, मला द्या. शेवटी मी फोन त्याच्या पोराच्या हातात दिला. पोरगा ओरडला, “पप्पा, बाईच हायत! लई चिडल्यात!” चिडल्याची खूण पटली. आकडे मिळाले. मी पाच टाइप केले आणि रेंज गेली.

आधारचा विषय निघालाच आहे तर नावांचंही सांगते. आमच्या जनरल रजिस्टरला मुलाचं नाव एक, आधारवर इंग्रजीत दुसरं, आणि पोर्टलच्या यादीत तिसरंच. एखादं अक्षर इकडचं तिकडं झालं की ‘मिसमॅच’. पोरगं माझ्यासमोर बसलेलं असतं, बाकाला लाथा घालत असतं, भात दोनदा वाढून घेतं, पण पोर्टलच्या मते ते नसतं. आणि संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवताना, आधार जुळलेलीच मुलं धरतात, म्हणजे ते नसलं तर कालांतराने मीही नसण्याचा संभव. “तू आहेस की नाहीस रे?” असं मी एकदा त्या पोराला वैतागून विचारलं. तो उभा राहून म्हणाला, “हजर बाई.”

आता इतकं ऐकून कुणाला वाटेल की मला पुन्हा खडू-फळ्याच्या युगात जायचंय. छे! माझा मोबाइल हिसकावून बघा. ज्या सोयी मला कुणी परिपत्रकाने दिल्या नाहीत, त्यांच्यावर माझा जीव आहे. निकालपत्रकच घ्या. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या नोंदींचे, ७० गुण आणि संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटी होणाऱ्या चाचणीचे, ३०; तिसरी-चौथीला ६० आणि ४०. त्या आकारिकात पुन्हा तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, निरीक्षण. पूर्वी एप्रिलच्या शेवटी मी आणि गुरुजी कॅल्क्युलेटर घेऊन समोरासमोर बसायचो आणि एकाच मुलाच्या दोन बेरजा यायच्या. गेल्या काही वर्षांपासून मी एक्सेलची एक शीट केली आहे. गुण टाकले की बेरीज, शेकडा, श्रेणी सगळं आपोआप. ९१ च्या वर अ-१, ८१ च्या वर अ-२, खाली ब-१. गुरुजी सुरुवातीला ती बेरीज पुन्हा हाताने करून बघायचे. आता फक्त अ-१ वाल्यांची करतात.

दुसरी सोय, बोलून मराठी टाइप करण्याची. प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाच्या वर्णनात्मक नोंदी लिहून माझा अंगठा आखडला होता. फोनने तो वाचवला. फक्त बोलताना आजूबाजूला शांतता लागते आणि मी बसते चार इयत्तांच्या मधोमध. एका मुलीच्या भाषेच्या नोंदीत मी बोलले ते असं उमटलं: “कविता तालासुरात म्हणते सर्वांशी नम्रतेने बोलते बाई ह्यानं माझा रबर गिळला शुद्धलेखनाकडे लक्ष देणे आवश्यक.” रबर गिळला नव्हता, गालात धरला होता. नोंद दुरुस्त केली, पण मूळची अधिक सर्वंकष होती असं अजून वाटतं.

आणि पालकांच्या ग्रुपवर मी सूचना लिहीत नाही, बोलून पाठवते. लिहिलेल्या सूचनेला नुसते जोडलेले हात यायचे. आवाज पाठवला की आज्या सुद्धा उत्तर देतात, तेही तीन-तीन मिनिटांचं, ज्यात मुलाच्या अभ्यासाबद्दल एक वाक्य आणि म्हशीबद्दल बाकी सगळं. पण ज्या आज्या शाळेच्या पायरीवर कधी चढल्या नव्हत्या, त्यांना आता मुलाला कोणता पाढा येत नाही ते माहीत असतं.

पुस्तकांतले क्यूआर कोडही मला आवडतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी, ज्यांचं नाव या कोडशी जोडलं गेलंय, त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलर, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला. फक्त त्यानंतर सासरच्या प्रत्येक लग्नकार्यात मला कुणी ना कुणी विचारतं, “मग, तुमचं कधी?” जणू दहावीनंतर बारावी, तसा तो पुरस्कार. मी सांगते, “आधार जुळले की बघू.”

गेल्या महिन्यात आम्हाला ऑनलाइन प्रशिक्षण होतं. विषय, तंत्रज्ञानाच्या साहाय्याने शिक्षकांचा कार्यभार हलका करणे. गुरुजींनी आणि मी ते टाकीच्या कोपऱ्यात उभ्या उभ्या केलं, बायकांनी छत्री धरली. शेवटी अभिप्रायाचा फॉर्म. ‘तंत्रज्ञानामुळे आपला वेळ वाचतो का?’ पर्याय दोन: ‘होय’ आणि ‘बऱ्याच अंशी होय’. गुरुजींनी चाळिशी सावरून दुसरा निवडला. त्यांच्या मते हा निषेध होता. पुढचा प्रश्न: ‘वाचलेल्या वेळेचा विनियोग कसा करता? किमान १०० शब्द.’

गुरुजी म्हणाले, “बाई, निरंक लिहू का?”

लिहिलं. फॉर्म लाल झाला. शंभर शब्द हवे होते. गुरुजींनी थोडा विचार केला. मग मी वर्षभर घसा कोरडा करून शिकवलेलं कॉपी-पेस्ट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता वापरलं. निरंक निरंक निरंक, शंभर वेळा. हिरवी खूण आली, अभिनंदन आलं, प्रमाणपत्र आलं. खाली बारीक अक्षरात सूचना होती: सदर फॉर्मची प्रिंट काढून, सही-शिक्क्यानिशी दोन प्रतींत, उद्या अकरापर्यंत.