एकदा काढलेलं कार्ड, सगळ्या गोतावळ्याचं

समजा, लातुरात तुमचा क्लास आहे. क्लास म्हटला की नुसता क्लास नसतो. शेजारी मेव्हण्याची मेस, वरच्या दोन मजल्यांवर वहिनींच्या नावाचं हॉस्टेल, खाली पुतण्याचं झेरॉक्स, गल्लीच्या तोंडाशी साडूची अभ्यासिका. गेवराईहून, अहमदपूरहून, पार हिंगोलीहून एखादा बाप लेकराला डॉक्टर करायचं म्हणून घेऊन येतो, सोयाबीनची पट्टी आलेल्याच आठवड्यात येतो, आणि तुमच्या काउंटरवर कार्ड काढतो. इतक्या लांबून आलेल्या माणसाला पाच काउंटरवर पाच वेळा खिशात हात घालायला लावायचा, हे माणुसकीला धरून आहे का? नाही ना? मग क्लासला दिलेलं तेच कार्ड पाचही ठिकाणी कसं चालवायचं, ते ऐका.

आधी मनातली भीती काढा. यात नवीन काही नाही. मोंढ्यात आडत्याकडं माल घातला की त्याच्या भावाच्या दुकानातली खताची उधारी पट्टीतूनच कापली जायची. शेतकऱ्याला कुणी विचारत बसायचं का? पट्टी हातात पडली की कळायचंच. फरक एवढाच, की तिथं कापलेली रक्कम निदान शाईनं लिहिलेली असायची. आपण तेवढेही कष्ट घ्यायचे नाहीत.

परदेशात तर याची रीतसर सोय आहे. दुकानदारांसाठी कार्डाचे पैसे ऑनलाइन वसूल करून देणाऱ्या स्ट्राइपसारख्या कंपनीत एक मुख्य खातं असतं आणि त्याला जोडलेली धाकटी खाती. ग्राहकाचं कार्ड मुख्य खात्यात जपून ठेवायचं आणि धाकट्याला लागलं की त्याची प्रत द्यायची. ही प्रत फार गुणी असते. तिला धाकट्या खात्यातल्या एखाद्या ग्राहकाच्या नावाशी बांधली नाही तर ती एकदाच चालते. बांधली, की मुक्कामालाच राहते. आपल्याकडं पाहुण्याचंही असंच असतं म्हणा. ग्राहकाची परवानगी घ्यायची ती व्यापाऱ्यानंच, हेही ते सांगतात. पण ते कागदाच्या खालच्या बाजूला असतं आणि आपण कागद वरून वाचतो.

अडचण आहे ती आपल्या रिझर्व्ह बँकेची. तिला नात्यागोत्याची काही कदरच नाही. 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानदारानं कार्डाचा नंबर आपल्याजवळ ठेवायचा नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे खऱ्या नंबराच्या जागी दिलेला बदली आकडा. आणि हे टोकन त्या कार्डापुरतं आणि त्या दुकानापुरतंच. क्लासचं टोकन मेसमध्ये नेलं तर ते कुणाच्याच कामाचं नाही. प्रत्येक ठिकाणी ग्राहकाची वेगळी संमती, वेगळा ओटीपी. म्हणजे सख्ख्या मेव्हण्याला सरकार परका समजतं!

यावर उपाय काय? वाटण्या मोडा. मेस, हॉस्टेल, झेरॉक्स, अभ्यासिका, सगळं एकाच मर्चंट आयडीखाली, म्हणजे दुकानाच्या एकाच ओळख क्रमांकाखाली आणा. कागदोपत्री धंदे पाच असू द्या, मशीनच्या लेखी मात्र एकच चूल. बापाच्या मोबाईलवर दर वेळी क्लासचंच नाव येईल. तो म्हणेल, फीच असंल.

आणि हप्ता बांधून घ्या. ई-मँडेट, म्हणजे कार्डावरून हप्ता आपोआप कापायची मंजुरी, एकदा झाला की 15,000 रुपयांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना ओटीपी लागत नाही. तेव्हा मेस आणि हॉस्टेलची मिळून रक्कम 14,999 निघाली पाहिजे. भाजी पातळ करा, पण आकडा सांभाळा. पैसे कापायच्या 24 तास आधी बँक कळवते आणि नको म्हणायची सोयही देते, पण घाबरू नका. मेसेज इंग्रजीत असतो आणि बाप तुरीत फवारत असतो.

एवढं करूनही जमलं नाही, तर शेवटी आपली देशी पद्धत आहेच. ‘पावतीसाठी लागतो’ म्हणून कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. मागचे तीन आकडे व्यवहारानंतर कुठंही साठवायचे नसतात, असा जगभरचा नियम आहे. पण आजीच्या वाढदिवसाचे फोटो आणि त्या तीन आकड्यांमध्ये भेद करायला तो ग्रुप काही बँक नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट सांभाळली नाही तर 250 कोटींपर्यंत दंड आहे म्हणे. तेवढी आपली ऐपत आहे असं कुणी धरलं, हाच एक मान.

(काही आगाऊ बाप हल्ली यूपीआय सर्कल काढतात. खातं बापाचं, खर्च पोराचा, महिन्याला जास्तीत जास्त 15,000, एका वेळी 5,000. हिशेब बापाच्या मोबाईलवर. अशा पालकांना प्रवेश देताना विचार करा.)

तरी कधीतरी एखादा येतोच. टोपी काढून समोर बसतो. “सर, म्या तर क्लासलाच कार्ड दिलतं. मेसचे पैसे कसे कापले हो? लेकरू तर मावशीकडं जेवतंय.”

अशा वेळी आवाज चढवायचा नाही. चहा मागवायचा. “दादा, आपण एक कुटुंब आहोत,” म्हणायचं. प्रवेश अर्जाच्या चौथ्या पानावरची ‘संस्था व तिच्या सहयोगी संस्था’ ही ओळ दाखवायची. संमती मोकळेपणानं, नेमक्या कामासाठी, समजून दिलेली असावी, असं कायदा म्हणतो. सही तर मोकळीच होती, बोटं कुणी धरली नव्हती.

आणि तो पैसे परत मागायला लागला, की मग मात्र त्याच क्षणी वाटण्या झाल्या असं समजा. क्लास वेगळा, मेस वेगळी. मेव्हण्याशी आपलं तसं बोलणंही नसतं. अर्ज तिकडं द्या, तीन प्रतीत. हॉस्टेलचा ना-हरकत दाखला जोडा, वहिनी माहेरी गेल्यात, सोमवारी येतील. अर्जावर कार्डाचे शेवटचे चार आकडे लागतील. हिशेब जुळवायला तेवढे चार जवळ ठेवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे, पण ते तेवढेच आपल्याकडं सापडत नाहीत म्हणून सांगा.