तीन महिन्यांचं भाडं माफ झालं नव्हतं

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर अजून फिरतो. त्यात म्हटलंय की लॉकडाऊनमध्ये सरकारने तीन महिन्यांचं घरभाडं माफ केलं होतं, कोणाही भाडेकरूला बाहेर काढता येत नव्हतं, पूर्ण पगाराची सक्ती होती पण ती सुप्रीम कोर्टाने रद्द केली, बँकांचे हप्तेही माफ होते आणि ज्यांनी तेव्हा भाडं भरलं त्यांना ते आजही परत मागता येतं. घरमालक हा मजकूर चिडून पुढे ढकलतात, भाडेकरू आशेने. त्यातला एकही दावा कागदाशी पूर्णपणे जुळत नाही.

भाड्याचं बघू. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिल २०२० ला काढलेल्या सूचनेत दोन गोष्टी होत्या. भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि तेवढ्या काळात भाडं थकलं म्हणून कोणाला घराबाहेर काढू नये. म्हणजे एप्रिलचं भाडं जुलैत द्यायचं, सोडून द्यायचं नव्हे. शिवाय ती सूचना होती, कायदा नव्हे. ज्याची एप्रिलमध्ये कमाई शून्य होती त्याने जुलैत साठलेलं सगळं भाडं कुठून आणायचं, हे त्यात नव्हतं. ज्या विधवा बाईचा घरखर्च एका खोलीच्या भाड्यावर चालतो तिने तीन महिने काय खायचं, हेही नव्हतं. त्या सूचनेपोटी सरकारने दोघांपैकी कोणालाच रुपया दिला नाही.

केंद्राचा आदेश त्याआधीचा, २९ मार्चचा, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली काढलेला. तो आणखी अरुंद होता. स्थलांतरित मजूर धरून कामगार जिथे भाड्याने राहतात तिथल्या घरमालकांनी एक महिना भाडं मागू नये, इतकंच त्यात म्हटलं होतं. दुकानांचा विषयच नव्हता. दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानदाराने महिना साडेतीन लाखांची रक्कम लॉकडाऊनपुरती स्थगित करा म्हणून कोर्टात अर्ज केला. दिल्ली उच्च न्यायालयाने २१ मे २०२० ला सांगितलं की जागा तात्पुरती बंद राहिली म्हणून भाडं थांबत नाही; भरायला थोडी मुदत मिळेल. मॉलमधल्या दुकानांना जी सूट मिळाली ती बहुतेक वाटाघाटीतून किंवा करारातल्या कलमामुळे.

‘सरकार भाडं भरणार’ हे मात्र खरोखर कोणीतरी म्हटलं होतं. दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी २९ मार्चलाच, गरीब भाडेकरूंना जमलं नाही तर सरकार देईल, असं जाहीर केलं. जुलै २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने हे आश्वासन बंधनकारक ठरवलं, सप्टेंबरमध्ये खंडपीठाने त्या निकालाला स्थगिती दिली. फिरणाऱ्या मजकुरात दिल्लीचं आश्वासन आणि महाराष्ट्राची सूचना यांची सरमिसळ झाली असावी, असा माझा अंदाज.

आता पगार. इथे अर्धं खरं आहे, म्हणून ते जास्त पसरतं. २९ मार्चच्या त्याच आदेशात होतं की आस्थापना बंद असली तरी कामगारांचा पगार ठरल्या तारखेला, कपात न करता द्यावा. ही सक्ती १७ मेपर्यंत टिकली. १८ मेपासून केंद्राने स्वतःच ती मागे घेतली. एकूण ५० दिवस. सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली नाही. १२ जून २०२० ला ‘फायकस पॅक्स’ या कंपनीच्या प्रकरणात न्या. अशोक भूषण यांच्या खंडपीठाने आदेश वैध की अवैध हे ठरवलंच नाही. कंपन्यांवर सक्तीची कारवाई नको आणि त्या ५० दिवसांच्या पगाराचं दोन्ही बाजूंनी बसून मिटवा, नाही मिटलं तर कामगार खात्याकडे जा, असं सांगितलं.

बसून मिटवा! मुंबईहून गोरखपूरला पोचलेला वेल्डर भिवंडीतल्या शेठबरोबर कुठे बसणार होता? त्याचं नाव मस्टरवर तरी होतं का? कागदावर कामगाराचा हक्क जिवंत राहिला, पण तो वसूल करायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं. दुसरीकडे छोट्या कारखानदाराची तक्रारही खोटी नव्हती. शटर बंद, बिलं अडकलेली, आणि पगार पूर्ण. छोट्या आस्थापनांतल्या कमी पगाराच्या कामगारांचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा सरकारने काही महिने भरला, पण पगाराला हात लावला नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ३० एप्रिललाच आदेशात ढवळाढवळ करायला नकार दिला होता. मात्र जिथे उद्योग सुरू झालेत तिथे जो कामगार स्वतःहून येणार नाही त्याचा पगार कापता येईल, हेही म्हटलं होतं. या निकालाचा पहिला भाग कामगार संघटना सांगतात, दुसरा कारखानदार.

बाहेर काढण्याचं म्हणाल तर मुंबई उच्च न्यायालयाने घरं रिकामी करून घेण्याच्या आदेशांची अंमलबजावणी वारंवार पुढे ढकलली. पण ते संरक्षण कोर्टाचा आदेश असलेल्या प्रकरणांना. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या, एमपीएससीची तयारी करणाऱ्या पोराला कोण कोर्टाचा आदेश दाखवतो? त्याला फोन येतो: भाडं पाठव, नाहीतर सामान उचल. विद्यार्थ्यांना जागा सोडायला लावणाऱ्या घरमालकावर कारवाई होईल, असं २९ मार्चच्या आदेशात स्पष्ट होतं, पण गावी अडकलेल्या पोराने तक्रार कुठून करायची? लिव्ह अँड लायसन्सवाल्यांची गत वेगळी. मुदत संपूनही राहिलात तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई लागू होते.

हप्त्यांचं थोडक्यात: रिझर्व्ह बँकेने आधी मे, मग ऑगस्ट २०२० अखेरपर्यंत हप्ते लांबवण्याची मुभा दिली. व्याज चालूच होतं. मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानेही संपूर्ण व्याजमाफी नाकारली, फक्त व्याजावरचं व्याज काढलं.

राहिला परताव्याचा मुद्दा. जे भाडं देणं लागत होतं ते दिलं, तर परत कशाचं मागणार? उलट ज्यांनी थकवलं त्यांच्याकडून ते येणं होतं. थकीत भाड्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. कोविडमुळे सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ त्यातून वगळला. म्हणजे एप्रिल २०२० च्या भाड्यासाठी घड्याळ १ मार्च २०२२ ला सुरू झालं. भाडेकरूने मधल्या काळात लेखी कबुली दिली नसेल, तर फेब्रुवारी २०२५ संपताना घरमालकाच्या दाव्याचीही मुदत संपली.